झापांखालचा क्रूस

परळची चाळ सोडून आम्ही अंधेरीच्या गावठाणात राहायला गेलो, तेव्हा आईने भांड्यांचं एक खोकं पहिले पंधरा दिवस उघडलंच नाही. त्या खोक्यावर बसून ती भाजी निवडायची आणि म्हणायची, "हंय आपलां काय जमाचां नाय." तिच्या लेखी आम्ही परदेशातच आलो होतो. पासपोर्ट तेवढा लागला नव्हता. बैठी कौलारू घरं, प्रत्येक दारावर क्रूस, संध्याकाळी ओट्यावर बसून रोझरी म्हणणाऱ्या लाल चौकडीच्या लुगड्यांतल्या बायका. त्यांची भाषा मराठीच, पण निम्मी समजायची आणि निम्मी अंदाजाने घ्यावी लागायची. "अगो, माणसां आपलीच हत, फकत देव येगळो," असं अण्णा तिला समजावायचे. "आणि मटाणय येगळां," आई म्हणायची. शेजारच्या परसात डुक्कर शिजत असलं की ती आमच्या खिडक्या अशा लावून घ्यायची, की चोर शिरतोय असं वाटावं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते, धाकटा भाऊ शाळेत. आम्हा दोघांना मात्र ते गावठाण पहिल्याच दिवशी आवडलं होतं, कारण तिथे संडासाच्या रांगेत उभं राहावं लागत नव्हतं.

घरमालकीण फिलूबाय. खरं नाव फिलोमिना, पण त्या नावाने तिला फक्त चर्चच्या वहीत ओळखत असावेत. साठीची विधवा, मुलं गल्फात, वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि लाकडी जिना असा वाजवत उतरायची की ती कुठल्या मूडमध्ये आहे ते आम्हाला खाली आधीच कळायचं. एप्रिल लागला की मसाला कांडणाऱ्या बायका तिच्या परसात यायच्या. चौघी उभ्या राहून लांब मुसळांनी एकाच उखळात आळीपाळीने घाव घालायच्या, एकीचं मुसळ दुसरीला कधी लागायचं नाही, आणि सगळं गावठाण शिंकत असायचं. मग तो मसाला काळ्या बियरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. आई पहिल्या वर्षी नावं ठेवायला म्हणून परसात गेली. "तिरफळां नाय घालनत?" तिने विचारलं. "तिरफळ घालून का तोंड बधिर करू?" फिलूबायने उलट विचारलं. बांगड्याच्या कढीत तिरफळ हवं की नको यावर त्या दोघी त्या दुपारी भांडल्या, आणि संध्याकाळी आई मुसळ हातात घेऊन कांडत होती. दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं. तिरफळाचं भांडण पुढे वीस वर्षं चाललं. मुलुंडच्या माझ्या या फ्लॅटमध्ये मी आता दोन्ही मसाले ठेवते आणि बांगड्याला कुठला घालायचा हे माझं मलाच ठरवता येत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याला लागूनच, गावठाणाचा क्रूस होता. चौथरा छातीएवढा, वर चुन्याच्या गिलाव्याचा पांढरा क्रूस, खाली दिवा ठेवायचा कोनाडा. प्लेगच्या वेळी वाचलेल्या लोकांनी तो बांधला असं सांगत. मे महिन्यात तिथे लादीन व्हायची. लादीन म्हणजे मारीयामातेची लांबलचक आळवणी: एकीने एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी "आम्हांसाठी विनंती कर" म्हणायचं. ती संपली की सगळ्यांना उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे. आम्हीही जायचो, चण्यांसाठी. अण्णा तर रोज सकाळी कामावर जाताना क्रूसापुढे चपला काढून हात जोडायचे. मालवणी माणूस वाटेत देव दिसला की तो कुणाचा याची चौकशी करत बसत नाही. या गावठाणाची आणखी एक रीत होती, इतर ठिकाणी तसं करतात की नाही मला ठाऊक नाही. क्रूसाचा गिलावा जुना, पावसाने फुगायचा. म्हणून मे संपता संपता त्याच्याभोवती चार बांबू रोवून माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधत आणि वर निळं प्लास्टिक. क्रूस पार आत जायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी टपरी घातली आहे. हे झाप उतरायचे ते ऑक्टोबरात, आगेऱ्याच्या आदल्या दिवशी. आगेरा म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा सण. गावठाणाची शेतं केव्हाच इमारतींखाली गेली होती, लोंब्या गोराईहून मागवाव्या लागत, पण सण होता.

अण्णा एका खासगी सर्व्हे कंपनीत ड्राफ्ट्समन होते. माझे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहून म्हातारे झाले होते, त्यामुळे बसून करायचं काम ही आमच्या घरात मोठी मिरवायची गोष्ट होती. कंपनीचे सर्व्हेअर जागेवर जाऊन मापं घ्यायचे आणि फील्ड बुकात लिहायचे, अण्णा ती वही समोर ठेवून नकाशा काढायचे. त्यांचा हात सुरेख होता. उत्तर दिशा दाखवणारा बाण तर असा काढायचे, की त्याच्या शेपटाला सुरमईच्या शेपटीसारखी दोन टोकं यायची. साहेब म्हणायचे, साधा बाण काढा. अण्णा काही ऐकायचे नाहीत. आमच्या तिथल्या दुसऱ्या पावसाळ्यात एका रस्तारुंदीचं काम आलं होतं. घाई होती, म्हणून अण्णा ट्रेसिंग घरी आणायचे आणि जेवणाच्या पाटावर पसरायचे. मी त्यावर चहाचा कप ठेवला म्हणून एकदा बोलणी खाल्ली आहेत. चार फुटांवरून मी तो नकाशा रोज बघत होते, अण्णा तर त्यावर वाकलेलेच असत. आमच्यापैकी कुणालाही कळलं नाही, की ती आमचीच गल्ली आहे. कागदावर तिला नाव नव्हतं, नुसते आकडे होते.

आगेरा झाला, दिवाळी झाली, आणि एका सकाळी क्रूसाच्या शेजारच्या खांबावर महापालिकेची नोटीस लागली. खाली नकाशाची प्रत चिकटवलेली. चौथऱ्यावर तांबड्या रंगाने एक आकडा मारला होता आणि त्याचा ओघळ कोनाड्यातल्या दिव्यापर्यंत आला होता. मी कॉलेजला निघाले होते. फिलूबाय तिथेच उभी होती, चष्मा घरी विसरून आलेली. "शैला, वाच गो जरा," ती म्हणाली, "काय लिवलंय?" आजूबाजूला दहा-पंधरा माणसं होती. मी मोठ्याने वाचलं. रस्त्याच्या हद्दीतलं तात्पुरतं शेड, झाप व प्लास्टिकचं, अमुक मापाचं, हटवण्यात येईल. "शेड?" फिलूबाय म्हणाली. "कंचं शेड?" मग सगळ्यांच्याच ध्यानात आलं, की मापं घेणारा माणूस पावसात येऊन गेला असणार. एक म्हातारा म्हणाला, "मुद्दाम लिवलंय. क्रूस लिवला असता तर पाडता आला नसता." माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी नकाशाच्या कोपऱ्यातल्या बाणाकडे बघत होते. त्याच्या शेपटाला दोन टोकं होती. "पुढं वाच ना गो," फिलूबाय म्हणत होती. मी म्हटलं, पुढे काही नाही. मी कॉलेजला गेले नाही, नुसतीच बसने पवईपर्यंत जाऊन आले.

संध्याकाळी अण्णा आले ते उतरलेल्या चेहऱ्यानेच. त्यांनीही येताना नोटीस पाहिली होती. मी म्हटलं, "अण्णा, तो बाण तुमचा आहे." ते पाटावर बसले. मग म्हणाले, "फील्ड बुकात तसांच लिवलेलां होतां." आईने लगेच तो धागा पकडला. "मग तुमची चूक कसली? ज्यान लिवल्यान तेका धरतीत. तुमचां नाव थंय खय हा? गप रवा." अण्णा म्हणाले, "अगो, मी रोज थंय चपला काढतंय. आणि माझ्याच हातान तेका शेड म्हटलंय. मापां बघितलंय, जागा बघूक नाय." आई भाकरी थापता थापता थांबली. तिला काय दिसत होतं ते मला आता कळतं. ही खोली फिलूबायची. नोकरी कंपनीची. एक खरं बोललं की दोन्ही जायची भीती होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी साहेबांना गाठलं. चूक दुरुस्त करून पाठवू या, फेरमोजणी करू या, म्हणाले. साहेबांनी दार लावून घेतलं. कंपनीची चूक निघाली तर पुढची सगळी कामं जातील, आणि क्रूस काय, लोक दुसरीकडे बांधतील, असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही लिहून दिलंत तर उद्यापासून येऊ नका," त्यांनी स्पष्ट सांगितलं. अण्णांनी त्याच रात्री महापालिकेला पत्र लिहून काढलं. सदर ठिकाणी कायमस्वरूपी क्रूस आहे, नोंद चुकीची आहे, नकाशा मी काढला आहे आणि मी तिथून पन्नास पावलांवर राहतो. ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं, आणि चार दिवस ते तसंच खिशात राहिलं. मला त्यांचा भयंकर राग यायचा. अठराव्या वर्षी दुसऱ्याने धीट असावं असं फार वाटतं. फिलूबाय नेहमीसारखी फुगे तळून खाली पाठवायची, गरमागरम, भज्यांसारखे गोल, आणि आमच्या घरात ते डब्यातच निवायचे. आईने एकदा ते कावळ्यांना घातले आणि मग रडली.

गावठाणाने काय ठरवलं, ते रविवारी कळलं. सोमवारी क्रूस पाडायला मशीन येणार होतं. मोर्चा निघणार असं मी धरून चालले होते. चाळीत मी मोर्चे बघितले होते, झेंडे, घोषणा, घसे बसलेली माणसं. इथे सकाळच्या मिसेनंतर, चर्चमधली उपासना आटोपल्यावर, लोक नुसते येऊन रस्त्यावर उभे राहू लागले. मढचे आले, गोराईचे, मनोरीचे, कुर्ल्याचे, होडीने आले, टेम्पोने आले, म्हाताऱ्या रिक्षातून उतरल्या. दहाच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडापासून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत माणसंच माणसं. मी आईबरोबर फिलूबायच्या वरच्या गॅलरीत उभी होते आणि दुसरं टोक मला दिसत नव्हतं. बससाठी एक बाजू मोकळी ठेवली होती, ती त्यांनीच, कुणी न सांगता. गावठाणाचा बँडही आला होता, पण वाजवत नव्हता, ती पितळी वाद्यं काखेत धरून माणसं गप्प उभी होती. बंदोबस्ताला आलेले हवालदार बराच वेळ वाट बघत राहिले. शेवटी एकाने फिलूबायला विचारलं, "बाई, घोषणा कधी सुरू करणार? आम्हाला वर कळवावं लागतं." फिलूबाय म्हणाली, "घोषणा नाय साहेब. लादीन हाय. पाऊण तास लागंल. तुमी सावलीत बसा."

आणि खरोखरच त्यांनी फक्त लादीन म्हटली. मे महिन्यात पन्नास माणसं म्हणायची, तीच. कुणीतरी चर्चचा भोंगा आणला होता, तो फिलूबायच्या हातात होता. ती एकेक नाव घ्यायची आणि ते हजारो गळे म्हणायचे, "आम्हांसाठी विनंती कर." ओरडून नाही, घरात म्हणतात तेवढ्याच आवाजात. पण इतके आवाज एकत्र आल्यावर माझ्या हाताखालचा गॅलरीचा कठडा थरथरत होता. मी काही त्या धर्माची नाही आणि आज तर मी कुठल्याच धर्माची फारशी राहिलेली नाही. तरी मला रडू येत होतं, आणि मी ते पुसतही नव्हते. कुणाला दम दिला नाही, कुणाला शिवी नाही. इतकी माणसं एवढं थोडं मागत होती, की जे आहे ते आहे म्हणून लिहा. हल्ली टीव्हीवर देवाच्या नावाने चाललेलं काहीबाही दिसतं तेव्हा मी आवाज बंद करते. त्या सकाळचा आवाज मला पुरतो.

अण्णा खाली गर्दीच्या कडेला, एका पानवाल्याच्या फळीला टेकून उभे होते. लादीन संपता संपता फिलूबाय थांबली. भोंगा तिने दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाली, "आता एक आवे मारी त्या मानसासाठी म्हनू, ज्यानं आपल्या क्रूसाला शेड लिवलं. त्याला म्हाईत नव्हतं. देवानं त्याला माफ करावं." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी वरून अण्णांकडे बघत होते. ते फळीपासून सुटले आणि चालू लागले. प्रार्थना चालू होती, लोक वाट देत होते, आणि ते मधून वाकून, ज्याला त्याला हात जोडत पुढे चालले होते. आई जिन्यावरून धावत खाली गेली, पण गर्दीत शिरता येईना. मीही तिच्यामागे उतरले आणि कशीबशी चौथऱ्यापाशी पोचले तेव्हा अण्णा फिलूबायसमोर उभे होते, पायांत चपला नाहीत.

"फिलूबाय," ते म्हणाले, "तो माणूस मी."

तिला कळलंच नाही. "कोन?"

"नकाशा मी काढला. आणि मला माहीत नव्हतं असं म्हणू नका. इथे क्रूस आहे हे मला माहीत होतं. मी रोज इथे हात जोडतो. मी बघितलं नाही."

भोंगा चालूच होता. पुढच्या चार-पाच रांगांना सगळं ऐकू गेलं. फिलूबायच्या तोंडची आवे मारी अर्धवट राहिली होती, मागच्या लोकांनी ती पुरी केली. अण्णांनी खिशातून पत्र काढलं. रस्त्याचे इंजिनीअर गर्दी बघायला आले होते, ते तिथेच सावलीत खुर्चीवर बसले होते. अण्णांनी ते पत्र त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्याच पेनाने, त्यांच्यासमोर, खाली सही केली. मग चणे वाटायला आले. फिलूबायने स्वतः परात घेतली. हवालदारांना दिले, इंजिनीअरांना दिले, रस्त्याच्या मजुरांना दिले, मला दिले. अण्णांनी ओंजळ पुढे केली, तेव्हा तिने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात चणे घातले आणि पुढे गेली.

सोमवारी मशीन आलं नाही. आठवड्याभरात फेरमोजणी झाली, आणि रस्ता क्रूसाला वळसा घालून गेला. पत्रामुळे की माणसांमुळे, यावर गावठाणात बराच काळ वाद चालला. माझ्या मते माणसं नसती तर पत्र खिशातच राहिलं असतं. अण्णांची नोकरी गेली. ते पुढे सहा महिने घरी बसून दुकानांच्या पाट्या रंगवत होते. आई रोज वाट बघायची की आज फिलूबाय खोली खाली करा म्हणेल. तिने तसं कधी म्हटलं नाही. फुगे यायचे, मसाला यायचा, आईशी तिरफळावरून भांडणही व्हायचं. पण डबा देताना ती म्हणायची, "पोरांना दे." अण्णा परसात आले की ती उठून जिना चढायची. अनोळखी माणसासाठी तिने हजारो लोकांकडून प्रार्थना करून घेतली होती, आणि तो माणूस खाली राहणारा, रोज दिसणारा निघाला, तेव्हा तिला ते जमेना. मला तेव्हा ती ढोंगी वाटायची. मी आईला तसं म्हटलंही. आई म्हणाली, "तू गप. परक्याक माफ करूक काय लागता? आपल्या माणसान केल्यार दुखता." आमच्या घरातली शहाणी आईच होती, पण हे मान्य करायला मला बराच वेळ लागला. अण्णा मात्र फिलूबायबद्दल एक अक्षर वाईट बोलले नाहीत. जिना वाजला की ते हातातला ब्रश खाली ठेवायचे आणि तो वाजायचा थांबला की पुन्हा उचलायचे.

गुड फ्रायडेच्या दुपारी गावठाण चिडीचूप असतं. चर्चमधून लोक परतत होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आम्ही जेवायला बसणारच होतो. दार नुसतं लोटलेलं होतं, ते उघडलं आणि फिलूबाय आत आली. काळं लुगडं, उपासामुळे सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नाही, ओठ सुकलेले. आमच्याकडे न बघता ती सरळ अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"त्या दिसी तुझ्यासाठी आवे मारी म्हनली, ती नुसती तोंडानं म्हनली," ती म्हणाली. "तू कोन ते म्हाईत नव्हतं म्हनून म्हनली. नंतर म्हनायला गेली की तोंडातून निघंना. पाच महिने नाय निघाली रे. आज निघाली."

अण्णा उठून उभे राहिले होते. त्यांनी आपला पाट उचलून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बसा."

ती बसली. आईने दोघांना पेज वाढली.